जांभळा शाम्पू रोज लावूनही मुळं पिवळी आणि टोकं राखाडी का?

प्रश्न असा होता: ब्लीच करून ब्लाँड केलेल्या केसांना रोज जांभळा शाम्पू (पिवळी छटा दाबणारा) लावते, सात-आठ मिनिटं ठेवते, तरी मुळांकडचा पिवळेपणा जात नाही, टोकं मात्र राखाडी-जांभळी दिसतात.

आधी रोज लावणं थांबवा. आठवड्यातून एकदा पुरे, बाकीच्या वेळी रंगवलेल्या केसांचा साधा सल्फेटविरहित शाम्पू वापरा. टोकं जुनी असतात, त्यांच्यावर ब्लीच बहुधा एकाहून जास्त वेळा गेलेलं असतं, त्यामुळे ती सच्छिद्र होतात आणि जांभळा रंग क्षणात ओढून घेतात. मुळांजवळचा केस नवा आणि गुळगुळीत, तिथे रंग धरायला वेळ लागतो. सगळीकडे एकदम लावून सारखाच वेळ ठेवलं की हेच होणार.

म्हणून क्रम बदला. साध्या शाम्पूने एकदा धुवा म्हणजे तेल आणि स्प्रे निघून जाईल. मग केस टॉवेलने चांगले टिपून घ्या. पाणी गळत असेल तर रंग पातळ होऊन चट्टे पडतात. हातमोजे घाला, नखं जांभळी होतात. जिथे पिवळं जास्त दिसतं तिथे आधी लावा, दोन मिनिटांनी मधल्या भागावर आणा, आणि धुण्याआधी शेवटचा अर्धा मिनिट उरलेला फेस टोकांवरून फिरवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग कंडिशनर. काही जणी कोरड्या केसांवर लावतात. परिणाम जोरदार होतो, पण एकसारखा क्वचितच. निकाल पूर्ण वाळल्यावरच बघा, कारण ओला केस जास्त गडद दिसतो. बाटली नवीन असेल तर मानेजवळची आतली एक बट आधी करून बघाच.

आत्ता जी टोकं राखाडी झाली आहेत त्यांना डीप क्लीन्सिंग शाम्पूने दोन-तीनदा धुवा, प्रत्येक वेळी भरपूर कंडिशनर लावा. हा रंग बहुतेक वरच्या थरात बसलेला असतो, उतरतो. त्यासाठी पुन्हा ब्लीच करू नका, केस तुटतील. पुढे शाम्पू तीव्र वाटला तर एक भाग जांभळा आणि दोन भाग साधा शाम्पू हातावर मिसळून लावा.

आता मुळं नीट बघा. फिकट पिवळी असतील तर वरच्या पद्धतीने सुधारतील. नारिंगी असतील तर जांभळ्याचा उपयोग नाही, नारिंगीला निळा मारतो. पण निळा शाम्पू फिकट पिवळ्या भागावर गेला तर हिरवट झाक येते, म्हणून तो फक्त मुळांपुरताच ठेवा. आणि केस मुळात पुरेसे उजळलेच नसतील तर कुठलाच शाम्पू उजळणार नाही. तो नको असलेली छटा दाबतो, एवढंच. तिथे सलूनमध्ये मुळांचं ब्लीच आणि टोनर (ब्लीचनंतर छटा सुधारणारा रंग) पुन्हा करून घ्यावं लागतं. (सोनेरी किंवा मधाळ छटा मुद्दाम ठेवली असेल तर जांभळा शाम्पू लावूच नका, तीच छटा मरते.)

पिवळेपणा वारंवार परतत असेल तर कारण शाम्पूबाहेर शोधा. जड (क्षारयुक्त) पाण्यातले लोह आणि तांबे केसांवर साठतात; ते काढणारा चिलेटिंग शाम्पू महिन्यातून एक-दोनदा, जांभळ्याच्या आधी. स्ट्रेटनर १८० अंशांच्या खाली आणि हीट प्रोटेक्टंट लावूनच, कारण जास्त उष्णतेने ब्लीच केलेले केस पिवळे पडतात. उन्हात डोकं झाका. पोहायला उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजवून कंडिशनर लावा, कारण आधीच भिजलेला केस तलावातलं पाणी कमी शोषतो.