चार वह्या आणि एक शिकाऊ पोरगा

मी समुपदेशनाचं काम करते. बाळासाहेबांनी पहिल्या भेटीत काही बोलायच्या आधी कापडी पिशवीतून चार वह्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. शाळेतली पोरं वापरतात तसल्या दोनशे पानी. एकीवर स्केचपेननं ‘कादंबरी’ लिहिलेलं, दुसरीवर ‘ललित’, तिसरीवर ‘भयकथा’. चौथीवर काहीच नव्हतं. प्रत्येकीची पंधरा-वीस पानं भरलेली आणि पुढं सगळी कोरी.

“मॅडम, ह्यातली माझी वही कुठली तेवढं सांगा,” ते म्हणाले. “आठ महिने झाले, एक ओळ लिहिलेली नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.”

नाव मी बदललं आहे, घरचे काही तपशीलही. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. वय ४९, राहणार सांगली, वीज कंपनीत वायरमन. सोबत आलेल्या वहिनींनी दुसरी बाजू सांगितली. “पूर्वी हे लिहायला बसले की घरात कसं निवांत वाटायचं. आता वही उघडली की चिडचिड सुरू. मी म्हटलं, नका लिहू मग. तर दोन दिवस धड जेवले नाहीत.”

‘मी नेमकं काय लिहू आणि कोणासाठी?’ हा प्रश्न घेऊन येणारी माणसं कमी नाहीत. निवृत्त शिक्षिका येतात, कविता करणारी कॉलेजची मुलं येतात, एकदा तर हातात पूर्ण कादंबरी असलेले एक डॉक्टर आले होते. वरवर हा प्रश्न लेखनकलेचा वाटतो आणि बरेचदा तो तसा असतोही. अशा वेळी चांगल्या संपादकाकडे जावं, माझं काम नाही. पण लिहिण्यावाचून जो माणूस राहू शकत नाही, त्याचं लिहिणंच बंद पडतं आणि झोप उडते, तेव्हा थांबून बघावं लागतं.

बाळासाहेबांना सल्ले भरपूर मिळाले होते. एका लेखन कार्यशाळेत सांगितलं होतं, आधी वाचक ठरवा, मग पेन उचला. मोबाइलवर कथा टाकणाऱ्या मित्राचं म्हणणं, भयकथा लिही, भागाच्या शेवटी झटका दे, लोक पुढचा भाग मागतात. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिखाण परत केलं होतं, ‘हे कथेतही बसत नाही आणि लेखातही’ असं कळवून. एकेक सल्ला सुटा घेतला तर त्यात चूक काही नाही. तिन्ही एकाच माणसाच्या डोक्यात एकाच वेळी बसले, तिथं गाडी अडली.

दुसऱ्या भेटीत माझंही चुकलं, ते सांगायला हवं. मी त्यांना कागदावर रकाने आखायला लावले. कुठल्या प्रकारात वाचक किती, मेहनत किती, आपल्याला येतं किती. ते आठवडाभरानं रकाने नीट भरून घेऊन आले, आणि चेहरा आधीपेक्षा उतरलेला. “तिन्हीला सारखेच मार्क पडले,” म्हणाले. जो माणूस आधीच स्वतःला मार्क देऊन थकला आहे, त्याच्या हातात मी आणखी एक उत्तरपत्रिका दिली होती. तो कागद मी त्यांच्यासमोरच बाजूला ठेवला आणि ‘कादंबरी’ वहीचं पहिलं पान मोठ्यानं वाचायला सांगितलं.

त्यांनी घसा साफ केला. “कृष्णामाई त्या रात्री आपल्याच लेकरांवर रुसली होती. नभांगणात मेघांचे तांडव चालले होते…”

वाचताना त्यांचा आवाज बदलला, पाठ ताठ झाली. मी म्हटलं, “बाळासाहेब, तुम्ही असं बोलत नाही. हे कोण बोलतंय?”

ते बराच वेळ वहीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “आमचे सर असं बोलायचे.”

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मराठीच्या प्राध्यापकांनी त्यांचा निबंध वर्गात वाचून दाखवला होता आणि शेवटी म्हणाले होते, “हे साहित्य नव्हे, चावडीवरच्या गप्पा आहेत.” वर्ग हसला. पुढं घरच्या अडचणीमुळं कॉलेज सुटलं, आयटीआय केलं, खांबावर चढायची नोकरी लागली. सर आज हयात नाहीत. पण वही उघडली की समोरच्या खुर्चीत तेच येऊन बसत होते.

मला ह्या प्रश्नाचं मूळ बहुतेक वेळा इथंच सापडलं आहे. ‘माझा वाचक कोण?’ असं माणूस विचारतो तेव्हा वाचकाची जागा रिकामी असतेच असं नाही. कुणीतरी आधीच तिथं बसलेलं असतं, आपण न बोलावता. सासरे असतात, शाळेतल्या बाई असतात, पुढं गेलेला मित्र असतो. तो उठेपर्यंत कितीही वह्या बदला, प्रत्येक वहीत त्याच्याच पसंतीची भाषा उतरते.

‘भयकथा’ वही त्यांनी मला वाचू दिली नाही. दोन भेटींनंतर स्वतःच विषय काढला. २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. बाळासाहेब आणि त्यांचे दोन सहकारी बोटीतून गावभागाकडं एक डीपी बंद झाल्याची खात्री करायला निघाले होते. वाटेत एका घराच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून एका म्हातारीनं साडीच्या पदराला बांधून स्टीलचा डबा खाली सोडला. डब्यात मोबाइल होता. “पोरा, दहा मिनिटं लाईट दे. पुण्याला लेकाला एवढंच सांगते की मी बरी आहे.” बाळासाहेबांनी मान हलवली. पाण्यात उतरलेल्या भागाला वीज देणं म्हणजे माणसं मारणं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. डबा तसाच वर गेला.

“त्या बाईचं मी भूत केलं, मॅडम,” ते म्हणाले. “तिसऱ्या वहीत. मित्र म्हणाला शेवटी झटका पाहिजे, म्हणून मी लिहिलं की ते घर दहा वर्षं बंद होतं. लिहिलं आणि त्या दिवसापासून हात चालेना.”

मी भयकथेला कमी लेखत नाही. नारायण धारपांच्या कथा रात्री वाचून दिवा न मालवता झोपलेल्या पिढीतली मी आहे. भयकथेच्या वाचकाला लेखकानं भीतीचं वचन दिलेलं असतं आणि ते पाळावं लागतं. बाळासाहेबांकडं जे होतं ते भीती नव्हतं. ते ‘नाही’ म्हटल्याचं ओझं होतं. ललितच्या वहीत त्याच प्रसंगाचं पावसावरचं चिंतन झालं होतं, आणि त्यात म्हातारी नव्हतीच.

मग मी विचारलं, “ही गोष्ट तुम्ही आजवर कुणाला तोंडी सांगितली आहे?”

“घरी नाही. पण आमच्याकडं नवीन शिकाऊ पोरगा आलाय, बावीस वर्षांचा. त्याला सांगावीशी वाटते. अजून धीर झाला नाही.”

त्यांना मी एवढंच काम दिलं. त्या पोराला समोर बसवल्याचं मनात आणायचं, मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि बोलायचं. कादंबरी नाही, कथा नाही, नाव द्यायचंच नाही. मग जे बोललो ते जसंच्या तसं चौथ्या, बिननावाच्या वहीत उतरवायचं.

पुढच्या भेटीत त्यांनी वाचलं: “लाईन बंद केली म्हणजे आपलं काम संपलं असं समजू नको. खालून वर बघ. खिडकीत कुणीतरी असतं. त्याला नाही म्हणायचं असेल तर मान हलवू नको, तोंडानं म्हण. मी मान हलवली होती.”

वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. दार अर्धं उघडं होतं. त्या उठून आत आल्या आणि काही न बोलता त्यांच्या शेजारी बसल्या.

त्यानंतर त्यांची धास्ती वेगळी होती. “एकदा असं काही छापून आलं की मी कायमचा लाईनच्या गोष्टी सांगणारा होणार. शिक्का बसला की बसला.” ही भीती मी खूप जणांकडून ऐकते आणि ती खोटी नाही, संपादक आणि वाचक माणसाला लवकर खण ठरवून देतात. पण रत्नाकर मतकरींनी बँकेतली नोकरी करता करता बालनाट्यंही लिहिली आणि अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथाही. विंदा करंदीकरांनी विचारांनी भारलेली कविता लिहिली आणि लहान मुलांसाठीही मनमुराद लिहिलं. पुढं त्यांना ज्ञानपीठ मिळालं तेव्हा बालकविता कुणाला आड आल्या नाहीत. आज ह्या गोष्टीसाठी वाचक निवडला म्हणजे जन्माची सोयरीक झाली असं नसतं.

नावाचीच भीती असेल तर त्यालाही वाट आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप ह्या नावानं पाठवली होती. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांचं नाव मोठं होतं म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं, आणि बाळासाहेबांना आपलं लहान वाटतं म्हणून. उपाय मात्र दोघांनाही चालणारा आहे. हे ऐकल्यावर ते पहिल्यांदा मोकळं हसले, आणि त्याच आठवड्यात आणखी दोन प्रसंग लिहून आणले. एक दिवाळीत रात्रभर ट्रान्सफॉर्मरजवळ बसल्याचा, एक खांबावरून पडलेल्या सहकाऱ्याचा. दोन्ही त्या पोरालाच सांगितलेले. झोप लगेच सुधारली असं नाही, पण दोनचे साडेबारा झाले.

आता हे कुठं पाठवायचं, ह्याला अनुभवकथन म्हणायचं की कथा, हे प्रश्न आहेतच. ते आम्ही मुद्दाम मागं ठेवले आहेत. दिवाळी अंकांसाठी मजकूर पावसाळ्याच्या तोंडाला गोळा होतो, तोवर वेळ आहे.

गेल्या महिन्यात बाळासाहेबांनी धीर केला. डबा खाण्याच्या सुट्टीत सबस्टेशनच्या कट्ट्यावर बसून चौथी वही त्या पोराला वाचून दाखवली. पोरगं गप्प ऐकत होतं. संपल्यावर त्यानं विचारलं, “मामा, मग त्या आजीचं काय झालं?”

बाळासाहेबांना ते माहीत नव्हतं. कधी विचारायलाच गेले नव्हते. त्या रविवारी ते गावभागात गेले, ते घर शोधलं आणि खालून हाक मारली. पुढचं त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. म्हणाले, “आधी त्याला सांगतो, मग लिहितो, मग तुम्हाला.”