वाचकांचे प्रश्न : दारातल्या घोडीपासून लेकरांना व्हायरस होतो का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर साहेब, आम्ही दारव्हा तालुक्यातले, दोन घोड्या आहेत, लग्नाच्या सीझनमध्ये वरातीला नेतो, त्याच्यावरच घर चालते. टिनाचं शेड चिंचेखाली आहे अन् चिंचेवर वटवाघळं लटकून राहतात. मोबाईलवर मेसेज आला की वटवाघळापासून घोड्याला अन् घोड्यापासून माणसाला व्हायरस होते, माणूस वाचत नाही. घरचे म्हणतात विकून टाका, लेकरं दिवसभर घोड्यांजवळच राहतात. खरं काय ते सांगा.

उत्तर : भाऊ, आजार खरा आहे पण आपल्या इथला नाही. त्याचं नाव हेंड्रा, १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या हेंड्रा भागातल्या एका तबेल्यात पहिल्यांदा सापडला. आजवर ७ माणसांना झालेला नोंद आहे, त्यातली ४ गेली, अन् सगळ्यांना तो आजारी किंवा मेलेल्या घोड्याला हाताळतानाच लागला. सगळ्या केसेस ऑस्ट्रेलियातल्याच आहेत. तरी चारा-पाण्याची टाकी चिंचेखालून बाजूला घ्या, वरून पडलेली घाण अन् उष्टी फळं चाऱ्यात जायला नको. झाड तोडू नका, घोड्याही विकू नका.

दुसरी भीती मेंदूज्वराची असते. जपानी मेंदूज्वर घोड्यालाही होतो, पण तो पसरतो डुकरं अन् बगळ्यांमधून, क्युलेक्स डासामार्फत. घोड्याच्या रक्तात तो व्हायरस इतका कमी असतो की डासाला तिथून उचलता येत नाही, त्यामुळे घोडीला दोष नाही, मच्छरदाणी लावा.

मला खरी काळजी आहे ती रेबीजची. गावात मोकाट कुत्री किती झाली ते तुम्ही पाहताच, रात्री शेडमध्ये घोडीला चावा घेऊन गेलं तर सकाळी केसांत जखम दिसतही नाही. मग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी घोडी खाणं सोडते, लाळ गळते, गिळता येत नाही, मागचे पाय लटपटतात, कधी पोट दुखल्यासारखी लोळते, अन् आपल्याला वाटते घशात काही अडकलं असेल म्हणून आपण सरळ तोंडात हात घालतो किंवा नळीनं औषध पाजतो. हे करू नका भाऊ, हात जोडून सांगतो. हातावर साधी खरचट असली तरी लाळेतून रेबीज जाऊ शकतो अन् लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही. अशी घोडी वेगळी बांधा, लेकरांना लांब ठेवा, पशुवैद्यकाला बोलवा. लाळ लागलीच असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा अन् त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा, पूर्ण डोस घ्या, हळद-मिरची लावून घरी बसू नका. घोड्यांनाही दरवर्षी रेबीजची लस द्या. कुत्रं चावल्याचं कळलं तर घोडीचेही डोस लगेच सुरू करायचे, लक्षणांची वाट पाहायची नाही.

प्रश्न : घोड्याच्या नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येतो, पायावर गाठी येऊन फुटतात. हाही व्हायरसच का?

उत्तर : नाही, हा ग्लँडर्स असू शकतो, तो बॅक्टेरियाचा आजार आहे अन् माणसालाही होतो. २००६ मध्ये महाराष्ट्रात घोड्यांमध्ये सापडला होता. घोडा वरातीला पाठवू नका, त्याची बादली-खरारा दुसऱ्या घोड्याला वापरू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, रक्ताचा नमुना हरियाणातल्या हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात तपासतात. पॉझिटिव्ह आला तर २००९ च्या कायद्यानुसार घोडा मारावा लागतो, भरपाईची सोय आहे. पोटावर पाय येतो हे मला कळते, पण म्हणून लपवू नका, तुमचे बाकीचे घोडे अन् तुमची माणसं त्याच शेडमध्ये आहेत.