वास्तववादी चित्रकलेत धार्मिक परंपरा आणि लोकांचे रोजचे जगणे एकत्र कसे येतात?

आपण विचारले आहे की, वास्तववादी चित्रकला म्हणजे डोळ्यांना दिसते तेवढेच रंगवणे असेल, तर श्रद्धेसारखी न दिसणारी गोष्ट तिच्यात येते कशी. आणि एखाद्या गावाची धार्मिक परंपरा व त्याच गावाचे रोजचे जगणे एका चौकटीत मांडताना चित्रकार नेमके काय करतो. मी कोल्हापुरात बरीच वर्षे मुलांना चित्रकला शिकवतो आणि स्वतः प्रसंगचित्रे काढतो, त्यामुळे हा प्रश्न मला रोज हाताशी भेटतो. माझे उत्तर असे आहे की, वास्तववादी चित्रकार देवाकडे पाठ करून बसतो आणि देवाला आलेली माणसे रंगवतो. श्रद्धा दिसत नसली, तरी तिचा भार अंगावर दिसतो. मानेवर, खांद्यावर, बोटांत, पावलांत दिसतो. शिवाय कोण पुढे उभा आहे, कोणाला मागे ठेवले आहे आणि कोण कडेने चालतो आहे, यावरून त्या गावाची सगळी घडी कळते.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. आपल्याकडे ‘वास्तववादी’ हा शब्द तंत्रासाठीही वापरतात आणि विषयाकडे पाहण्याच्या दृष्टीसाठीही. राजा रविवर्मा यांची लक्ष्मी किंवा सरस्वती पाहिली, तर कापडाचा पोत, दागिन्यांची चमक, त्वचेवरचा छायाप्रकाश हे सारे यथातथ्य आहे. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तिथून छापलेली देवदेवतांची चित्रे घरोघरी देवघरात जाऊन बसली. पण तिथे हाताळणी वास्तववादी आहे आणि विषय पुराणातला. आपण ज्याबद्दल विचारत आहात, त्या चित्रांत देवता मनुष्यरूपाने अवतरत नाही. ती मूर्ती म्हणून, पालखी म्हणून, दूरवरच्या घंटेचा आवाज म्हणून असते, किंवा चौकटीबाहेरच राहते.

या दृष्टीचे सर्वांत धीट उदाहरण म्हणजे गुस्ताव्ह कूर्बे या फ्रेंच चित्रकाराने १८४९-५० मध्ये रंगवलेले, ऑर्नां या आपल्या गावातल्या दफनविधीचे चित्र. ते तीन मीटरहून उंच आणि साडेसहा मीटरहून रुंद आहे. त्यात चाळीसहून अधिक माणसे जवळजवळ खऱ्या उंचीची आहेत आणि ती सगळी गावातलीच आहेत. एवढा मोठा कॅनव्हास तोवर राजे, लढाया आणि बायबलमधल्या प्रसंगांसाठी राखलेला असे; म्हणून पॅरिसमध्ये त्यावर टीकेची झोड उठली. कूर्बे मेलेल्या माणसाचे नाव सांगत नाही आणि स्वर्गाचे दार उघडून दाखवत नाही. उघडा खड्डा चित्राच्या खालच्या कडेला कापला गेला आहे, म्हणजे पाहणाराच जणू त्याच्या काठावर उभा आहे. धर्मगुरू पोथी वाचतो आहे, बायका एका बाजूला एकत्र उभ्या आहेत, कोणी रुमाल डोळ्यांना लावला आहे, कोणाचे लक्ष भलतीकडेच आहे आणि मध्येच एक कुत्रा उभा आहे. पंचगंगेच्या काठी मयतीला गेलेल्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटेल. विधी चालू असताना सगळ्यांचे दुःख एका मापाचे नसते, तरी सगळे तिथे आलेले असतात, आणि ते आलेले असणे हाच समाज असतो.

मला स्वतःला याहून अधिक शिकवले ते इल्या रेपिन या रशियन चित्रकाराने. कुर्स्क प्रांतातल्या धार्मिक मिरवणुकीचे त्याचे चित्र १८८० ते १८८३ या काळातले आहे आणि मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. मेरीमातेची चमत्कारी मानली जाणारी तसबीर मठातून मठाकडे नेली जात आहे आणि सारा प्रांत धुळीच्या रस्त्याने निघाला आहे. गंमत अशी की, ज्या तसबिरीसाठी एवढी गर्दी लोटली आहे, ती चित्रात नीट दिसतही नाही. गर्दीच्या मधोमध, पिवळ्या झग्यातल्या एका श्रीमंत बाईच्या हातात ती नुसती चमकते. पुढे शेतकरी सजवलेला जड दीपमंडप खांद्यावर घेऊन चालले आहेत. त्यांच्या मागे दोन बायका एक पेटी धरून येत आहेत. ती तसबीर ठेवायची पेटी आहे आणि आत्ता रिकामी आहे. पण त्या बायकांनी ती अशा जपणुकीने धरली आहे, की रिकामी पेटीसुद्धा त्यांना देवाइतकीच जड वाटत असावी.

त्याच चित्राच्या डाव्या बाजूला कुबडीवर पुढे झेपावणारा एक पाठीत वाकलेला मुलगा आहे. त्याला पुढे जायचे आहे आणि एक माणूस काठी आडवी धरून त्याला मागे रेटतो आहे. गर्दीत घोडेस्वार आहेत, त्यातल्या एकाने लोकांवर चाबूक उगारला आहे. मागच्या टेकडीवर तोडलेल्या झाडांचे बुंधे तेवढे उरले आहेत. रेपिनने कोणावरही शिक्का मारलेला नाही. सगळ्यांत जास्त ओढ असलेला माणूस देवापासून सगळ्यांत लांब ठेवला गेला आहे, एवढे त्याने पाहिले आणि दाखवले. माझ्या मते धार्मिक विषयावरचे याहून प्रामाणिक चित्र क्वचितच असेल, कारण त्यात भक्ती खरी आहे आणि अन्यायही खरा आहे, आणि एकासाठी दुसरे झाकलेले नाही.

विल्हेल्म लाइब्ल या जर्मन चित्रकाराने बव्हेरियातल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये तीन शेतकरी बायका रंगवल्या, त्याला १८७८ ते १८८२ अशी जवळजवळ चार वर्षे लागली. एक तरुण, एक प्रौढ, एक म्हातारी. तिघींची प्रार्थना तीन प्रकारची. त्या चित्रातले हात पाहावेत. कामाने सुजलेली, सांध्यांत वाकलेली बोटे प्रार्थनेचे पुस्तक धरून आहेत, आणि तेच हात सकाळी धार काढून आले असतील हे पाहताक्षणी कळते. रोजचे जगणे आणि धर्म एकाच चित्रात कसे बसतात, याचे उत्तर त्या बोटांत आहे. झाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचे १८५७-५९ मधले, शेतात बटाटे काढता काढता सायंप्रार्थनेची घंटा ऐकून माना खाली घातलेल्या जोडप्याचे चित्र आपण कॅलेंडरवर पाहिले असेलच. तिथे चर्चचा कळस क्षितिजावर नखाएवढा आहे. मूळ चित्रही हातभर रुंदीहून फार मोठे नाही.

आता आपल्याकडे येतो. कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथेच शिकवू लागले, आणि घरगुती सण, लग्नविधी, बायकांची कामे हे त्यांच्या कुंचल्याचे हक्काचे विषय झाले. लक्ष्मीच्या आगमनाचा विषय घेऊन काढलेल्या त्यांच्या चित्राला १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. हा विषय निवडण्यातच एक जाण आहे. आपल्याकडे गौर घरात आणताना ‘आली का?’, ‘आली’, ‘कशाच्या पावलांनी?’, ‘सोन्याच्या पावलांनी’ असे विचारत, सांगत तिला माजघर, स्वयंपाकघर, धान्याची कणगी सारे दाखवत फिरवतात. त्या प्रसंगात पुजारी नसतो, घरची सून असते. आणि ज्या उंबऱ्यावर रोज चपला निघतात, तोच त्या दिवशी रांगोळीच्या पावलांनी देवाचा होतो. घर आणि देऊळ यांच्यामधली रेषा इतकी पुसट असणारा विषय वास्तववादी चित्रकाराला दुसरा मिळणार नाही.

आबालाल रहिमान यांचा मार्ग वेगळा होता. शाहू महाराजांच्या दरबाराचा आश्रय लाभलेल्या या चित्रकाराने रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट हा परिसर आयुष्यभर रंगवला. एका मुसलमान चित्रकाराने हे घाट आणि ही देवळे इतक्या मायेने रंगवली, याचे बाहेरच्यांना नवल वाटते. कोल्हापुरात ते वाटत नाही, कारण इथल्या तालमींत गणपती आणि पीर दोघांचीही सेवा होते आणि मोहरमच्या पंजासमोर हिंदू घरातली माणसे नवस फेडायला उभी राहतात. त्यांच्या निसर्गचित्रांत माणसे लहान असतात. तरीही घाटाच्या झिजलेल्या पायऱ्या पाहिल्या, की त्या कोणाच्या पावलांनी झिजल्या ते सांगावे लागत नाही.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगितला, तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. आषाढात पंचगंगेला नवे पाणी येते. ते पाणी कलशात भरून, डोक्यावर घेऊन मुली वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर जातात आणि देवीच्या पायऱ्यांवर ओततात. सोबत ‘पी ढबाक’ वाजत असते. या वाद्याचे नावच त्याच्या आवाजावरून पडले आहे. आमच्या गल्लीची ही यात्रा मी एका पावसाळ्यात तैलरंगात रंगवायला घेतली. ओला रस्ता, मुलींच्या परकरांचे रंग, पुढे वाजंत्री, मागे बायका, कडेला दुकानाच्या पायरीवर बसलेले म्हातारे, असे सगळे जमले आहे असे मला वाटत होते. सर्वांत पुढच्या मुलीचा चेहरा मी जरा वर उचललेला आणि टेकडीकडे पाहणारा केला होता. त्यात भक्ती आली आहे अशी माझी खात्री होती.

शेजारच्या मावशी चहाला आल्या होत्या. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘हिच्या डोक्यावरचा कलश रिकामा हाय व्हय?’’ मी म्हटले, भरलेला आहे. त्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, उठून उभ्या राहिल्या आणि डोक्यावर भरलेली घागर असताना मान कशी राहते ते मला करून दाखवले. हनुवटी किंचित आत, मानेच्या दोन्ही शिरा ताठ, खांदे स्थिर, सगळी हालचाल कमरेखाली; आणि नजर टेकडीकडे नाही, देवीकडे नाही, तर पुढच्या चार पावलांवर, कारण रस्ता निसरडा आहे आणि पाणी सांडता कामा नये. ‘‘देवीचं पाणी हाय, सांडंल या भ्यानं पोरगी वर कशी बघंल?’’ असे त्या म्हणाल्या.

मी भक्ती चेहऱ्यावर शोधत होतो आणि ती मानेत होती. पाणी न सांडण्याची काळजी हीच त्या मुलीची पूजा होती. मी ती मान खरवडून काढली, मावशींना पुन्हा घागर घेऊन उभे केले, रेखाटने केली आणि मग ती रंगवली. या प्रसंगानंतर रेपिनच्या त्या रिकाम्या पेटीवाल्या बायका मला खऱ्या अर्थाने कळल्या.

याच कारणासाठी हल्ली फोटोवरून काढलेली जोतिबाच्या चैत्र यात्रेची चित्रे पाहून मला वाईट वाटते. गुलालाचा गुलाबी धुरळा सुंदर दिसतो, पण त्या धुरळ्यात माणसे विरघळून जातात. सासनकाठी हा उंचच उंच बांबू असतो. तो एक जण कमरेपाशी पेलतो आणि इतर जण चारी बाजूंनी दोर ताणून तिचा तोल राखतात. एकाने दोर सैल सोडला, तर काठी कलते. म्हणजे एका काठीखाली अख्खे गाव एकमेकांच्या भरवशावर उभे असते. मानाच्या काठ्यांचा क्रमही ठरलेला असतो; पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीचा. कोणाची काठी कोणाच्या मागे चालते, यात पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास आहे. चित्रात दोर ताणलेले नसतील, पोटऱ्या आवळलेल्या नसतील, कपाळावरच्या घामाने गुलालाचे ओघळ केलेले नसतील, तर तो रंगाचा खेळ झाला. यात्रा झाली नाही.

आपल्याला हे शिकायचे असेल, तर दोन गोष्टी कराव्यात असे मी सुचवेन. कोल्हापुरात आलात, तर टाऊन हॉल संग्रहालयात आबालाल आणि त्यांच्या परंपरेतल्या चित्रकारांची मूळ चित्रे पाहावीत, कारण छापील प्रतीत जलरंगाचा ओलावा कळत नाही. दुसरे म्हणजे, जानेवारीअखेर किंवा नोव्हेंबरात अंबाबाईचा किरणोत्सव असतो, त्या वेळी यावे. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि एकेका दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, कमरेपर्यंत, मुखापर्यंत पोहोचतात. त्या वेळी सगळे देवीकडे पाहत असतील. आपण बाजूला उभे राहून त्यांच्याकडे पाहावे: फरशीवरून सरकणाऱ्या त्या पट्ट्याला अडथळा नको म्हणून माणसे कशी अंग चोरून कडेला होतात, मुलांना कसे मागे ओढतात, अनोळखी माणूससुद्धा दुसऱ्याच्या खांद्याला हात लावून ‘जरा सरका, किरण अडतंय’ असे कसे हळूच सांगतो. वही तिथे उघडू नये. ते पाहून यावे आणि बाहेर आल्यावर, आठवण ओली असतानाच, सगळ्यांत आधी ते सरकलेले पाय काढावेत.