अंदमानी फुलटोच्या बघायचाय? आधी येऊर गाठा

हा पक्षी फक्त अंदमानात, पण सराव ठाण्यात होतो. येऊरच्या जंगलात आंब्यावर बांडगूळ दिसलं की त्याखाली वीस मिनिटं उभे राहा. त्याचाच भाऊबंद, आपला टिकेलचा फुलटोच्या 'टिक् टिक्' करत येतो, फळ गिळतो, विष्ठेतलं चिकट बी फांदीला घासून काढतो. ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे.

अंदमानात पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूलाही बांडगूळच शोधा. अंदमानी हिरवट, पोटाला पिवळा. इथेच नवखे फसतात: सूर्यपक्ष्याची मादीही पिवळीच! तिची चोच लांब, बाकदार; फुलटोच्याची आखूड, शेपूटही तोकडी.

डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पहाटे साडेपाचलाच उजाडतं. हॉटेलच्या नाश्त्यासाठी थांबलात तर सकाळ हातची गेली. आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका.