दोन घरांत मिळून एक तट्टू घ्यावं का?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक 11 वर्षांची, दीड वर्षापासून घोडेस्वारी शिकते, धाकटा 7 वर्षांचा आणि तिच्या मागं मागं जाणारा. प्रयाग चिखलीचे चुलत दीर निम्मा खर्च उचलायला तयार आहेत, कारण त्यांच्या 14 वर्षांच्या मुलालाही नाद आहे. समोर दोन जनावरं आहेत. एक क्लासमधलीच 12 वर्षांची घोडी, किंमत 1,10,000 रुपये. दुसरं चार वर्षांचं तट्टू, 60,000 रुपये. दोघांचं घरात हाती येणारं उत्पन्न 92,000, घराचा हप्ता 24,000, घरखर्च आणि शाळा-क्लास धरून 48,000, एसआयपी 8,000. बँकेत ठेव 2,40,000. ती मोडून आत्ताच घ्यावं का, आणि दोन्हींतलं कुठलं, असं तुम्ही विचारलंय.

घ्या, पण ठेव मोडून नको आणि आत्ता नको. साधारण दहा महिन्यांनी घ्या, आणि चार वर्षांचं तर मुळीच नको.

आधी त्या चार वर्षांच्याबद्दल. "मुलांबरोबरच मोठं होईल" असं तुम्ही लिहिलंय. हा विचार गोड वाटतो, पण मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. चार वर्षांचं जनावर अजून शिकतंय आणि तुमची मुलंही शिकतायत. दोघांपैकी एकाला तरी सगळं येत असावं लागतं. मागून ट्रक आला, पिशवी फडफडली, कुत्रं अंगावर आलं, तर काय करायचं हे बारा वर्षांच्या घोडीनं शंभरदा पाहिलेलं असतं. किमतीत वाचणारे 50,000, म्हणजे तुमच्या वाट्याचे 25,000, त्याला शिकवणाऱ्या चाबुकस्वाराच्या काही महिन्यांच्या पगारातच जातील. वर लेक एकदा जोरात पडली आणि भ्याली, तर ती पुन्हा बसेलच असं नाही. जनावराची किंमत वयावर किंवा देखणेपणावर ठरवू नका, त्यानं आजवर किती मुलं पाठीवर घेतलीत यावर ठरवा.

कुणी सारंगखेड्याला चला म्हणेल. दत्तजयंतीचा तो घोडेबाजार मुलांना जरूर दाखवा, पण मुलांचं तट्टू तिथून आणू नका. तिथं भाव चढतो तो रंगाला, चालीला, अंगावरच्या भोवऱ्यांना आणि पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय नि कपाळ पांढरं असण्याला. यातल्या कशाचाच तुमच्या लेकीच्या सुरक्षेशी संबंध नाही. जी घोडी तुम्ही दीड वर्ष डोळ्यांसमोर पाहताय, तिची खोड तुम्हाला माहीत आहे. बाजारातल्या घोड्याची खोड घरी आल्यावर कळते.

आता पैसे. तुम्ही घोडीच्या निम्म्या किमतीचा, 55,000 चा विचार करून पत्र लिहिलंय, पण हा व्यवहार चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा आहे. तुम्ही चौकशी करून कळवलेल्या दरांवरून हिशेब मांडला. किंमत 1,10,000. खोगीर, लगाम, मुलांची हेल्मेटं धरून 35,000. मुरमाची जमीन आणि पत्र्याचं छप्पर असलेला गोठा 60,000. डॉक्टरांची तपासणी आणि वाहतूक 10,000. एकूण 2,15,000, निम्मे 1,07,500. गोठ्यात काटकसर करावीशी वाटेल, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या घोड्याचे खूर कुजतात.

दरमहाचा खर्च तुम्ही 8,000 धरलाय, म्हणजे वैरण-चंदी 6,000 आणि नालबंद व इतर 2,000. त्यात माणूस धरलेला नाही. तुम्ही दोघं नोकरीला, मुलं शाळेत. मग सकाळी शेण कोण काढणार, पाणी कोण पाजणार? घोडा रोज वीस-तीस लिटर पाणी पितो. घोडीची देखभाल करणाऱ्या अर्धवेळ मोतद्दाराचे 6,000 आणि लस, जंताचं औषध, डॉक्टर यांचे सरासरी 1,000 धरा. झाले 15,000, तुमचे 7,500. वर्षाला 90,000. घोडी नीट सांभाळली तर पंचवीस वर्षांपर्यंत जगते. म्हणजे आजच्याच भावानं पुढच्या दहा वर्षांत तुमच्या घरातून नऊ लाख जातील. 55,000 च्या आकड्यावरून निर्णय करू नका, तो या नऊ लाखांवर करा.

शिवाय दरमहा 2,500 वेगळे टाका. घोड्याला उलटी होत नाही. पोटशूळ उठला तर रात्री दोन वाजता डॉक्टर बोलवावा लागतो आणि तेव्हा पैसे मोजत बसता येत नाही. जनावराचा विमा घ्याच, पण अशी पॉलिसी मुख्यतः मृत्यूची भरपाई देते, उपचाराचं बिल आपलंच राहतं.

तुमच्याकडे महिन्याला 12,000 उरतात, त्यातले 10,000 इथं जातील. परवडतं, पण काठावर. म्हणून त्या ठेवीला हात लावू नका. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला 72,000 लागतात, तीन महिन्यांचे 2,16,000 होतात. ती ठेव म्हणजे तुमच्या घराचा अडीअडचणीचा पैसा आहे. शिरोलीत यजमानांच्या फाउंड्रीला ऑर्डर कमी झाल्या तर घर त्यावरच चालेल.

माझा खरा अडसर वेगळा आहे. पुतण्याचं वजन तुम्ही 46 किलो लिहिलंय, घोडी अंदाजे 250 किलोची. स्वार आणि खोगीर मिळून जनावराच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत असावं, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे 50 किलो. पाच-सहा किलोचं खोगीर चढवलं की पुतण्या आजच त्या रेषेपलीकडे जातो. वर्षभरात तो आणखी वाढेल आणि मग भावजींचं मन या व्यवहारातून हळूहळू निघेल. यात त्यांचा दोष नाही, पण तेव्हा 15,000 एकट्या तुमच्यावर येतील आणि तुमच्याकडे तर 12,000 च उरतात. भाऊबंदकी बहुतेक वेळा अशाच न बोललेल्या गोष्टीतून सुरू होते.

म्हणून दोन गोष्टी करा. दोन्ही घरांनी 45,000 प्रत्येकी एका संयुक्त खात्यात टाका. हे 90,000 म्हणजे घोडीचा सहा महिन्यांचा पूर्ण खर्च. एक घर बाहेर पडलं तरी दुसऱ्याला नवा भागीदार शोधायला किंवा घोडीला चांगलं घर बघायला वेळ मिळेल. आणि 500 च्या मुद्रांकावर कागद करा. कुठले वार कुणाचे, डॉक्टरचा निर्णय कोण घेणार, बाहेर पडणाऱ्यानं तीन महिने आधी सांगायचं, आणि त्याला परत मिळेल ते विकल्यावर आलेल्या किमतीचं निम्मं, आज भरलेले 55,000 नव्हे. घोडी म्हातारी झाली की काय करायचं, हेही लिहा. तुमची लेक कॉलेजला जाईल तेव्हा घोडी 19 वर्षांची असेल.

गोठा पाचगावच्या तुमच्या उंचावरच्या जागेतच बांधा. चिखलीला जागा तयार आहे, खर्च वाचेल, हे खरं. पण 2019 आणि 2021 च्या पुरात तिथं काय झालं हे भावजींना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि त्यांच्या शेतातलं उसाचं वाढं फुकट मिळतं म्हणून त्यावरच घोडी जगवायचा विचार असेल तर तो सोडा. म्हशीला चालतं ते सगळं घोड्याला चालत नाही. आंबलेल्या किंवा बुरशी आलेल्या वैरणीनं तिच्या जिवावर बेतू शकतं.

1,07,500 आणि 45,000 मिळून 1,52,500 होतात. दिवाळीच्या बोनसचे 40,000 त्यात घातले तर उरलेले 1,12,500 महिन्याला 12,000 प्रमाणे दहाव्या महिन्यात जमतील. आवर्ती ठेव आजच सुरू करा. तोवर क्लास चालू ठेवा आणि मालकाला विचारून आठवड्यातून दोन दिवस मुलांनीच त्या घोडीचा खरारा करायचा, शेण काढायचं. भर पावसात, परीक्षेच्या आठवड्यातही. लेक तेव्हाही उठून गेली, तर माझ्याकडून कसलीच हरकत नाही. दरम्यान घोडी विकली गेली तर वाईट वाटेल, पण शांत, वयस्क घोडी पुन्हा मिळते. घेताना तुमच्या ओळखीच्या पशुवैद्याकडून तपासणी करा आणि ग्लँडर्सची रक्तचाचणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. तो माणसालाही होणारा आजार आहे, आणि बाधित जनावर कायद्यानं मारावं लागतं.

पण आवर्ती ठेवीच्याही आधी भावजींना जेवायला बोलवा. पुतण्याच्या वजनाचा विषय तुम्हीच काढा, आणि तो बसायचा थांबल्यावरही ते महिन्याचे 7,500 देणार आहेत का, हे यजमानांच्या समोर सरळ विचारा. उत्तर "नाही" असं आलं तर क्लासमधल्या सात-आठ वर्षांच्या मुलाचं घर भागीदार म्हणून बघा, आणि मला पुन्हा लिहा. आकडे नव्यानं मांडू.