नेत्रारोग्य : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या ६४ वर्षांच्या वडिलांच्या डोळ्याचा पडदा सुटल्यामुळे मुंबईत शस्त्रक्रिया झाली असून डोळ्यात वायू भरला आहे. त्यांना सतत पालथे राहण्यास सांगितले आहे, पण मान फार दुखते. डोळ्यासमोर खालच्या बाजूला पाण्यासारखी रेघ हलताना दिसते. पुढच्या आठवड्यात त्यांना गाडीने साताऱ्याला घरी आणावे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : तूर्त आणू नका, आणि शल्यविशारदांना विचारल्याशिवाय तारीख ठरवू नका. मुंबईहून निघाल्यावर बोरघाट चढताना सुमारे ६०० मीटर उंची गाठली जाते. बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, डोळ्यातला वायू प्रसरण पावतो आणि डोळ्याचा दाब वाढून पडद्याचा रक्तपुरवठा अडू शकतो. विमानप्रवास तर वायू पूर्ण विरेपर्यंत वर्ज्यच आहे. एसएफ६ हा वायू साधारण दोन आठवड्यांत, तर सी३एफ८ सहा ते आठ आठवड्यांत विरतो. आपल्या वडिलांना कोणता भरला आहे, हे कागदपत्रांत पाहून घ्या. या काळात दुसऱ्या कोणत्याही कारणाने, अगदी दातासाठीही, भूल द्यावी लागली तर डोळ्यात वायू असल्याचे आधी सांगा, कारण भूल देताना वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूमुळे डोळ्यातल्या वायूचा बुडबुडा झपाट्याने फुगतो.

ती हलणारी रेघ म्हणजे वायूच्या बुडबुड्याची कड आहे. बुडबुडा डोळ्यात वर तरंगतो, पण पडद्यावर प्रतिमा उलटी पडत असल्याने तो खाली दिसतो. तो लहान होत जाईल तसे वरून स्पष्ट दिसू लागेल.

पालथे राहण्यामागचा हेतू बुडबुड्याने पडद्याला पडलेल्या छिद्राची जागा दाबून धरावी हा असल्याने किती दिवस आणि कोणत्या बाजूने, हे छिद्राच्या जागेवर ठरते. शेजाऱ्यांना सांगितलेले नियम आपल्या वडिलांना लागू करू नका. टेबलावर उशा रचून कपाळ टेकवावे, चेहरा जमिनीला समांतर राहील असे पाहावे आणि डोळ्यावर मात्र उशीचा दाब येऊ देऊ नये. मान दुखते म्हणून परस्पर उताणे झोपवणे टाळा. थोडा वेळ उठून चालण्याची मुभा किती, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

थेंब घालताना हात साबणाने धुवा, खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नका आणि दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवा. स्टेरॉइडचे थेंब बरे वाटले म्हणून मध्येच थांबवू नयेत. काजळ, मध, गुलाबपाणी यांपैकी काहीही डोळ्यात जाता कामा नये, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना मायेने पण ठामपणे सांगा. रात्री डोळ्यावर संरक्षक कवच असू द्या. दुखणे वाढले, उलटी झाली, पू आला, दिसणे एकाएकी घटले किंवा पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दाखवा.

प्रश्न : पडद्याच्या शस्त्रक्रियेत माझ्या डोळ्यात वायूऐवजी सिलिकॉन तेल भरले आहे. विमानाने जाता येईल का? – एक वाचक, पणजी

उत्तर : तेल उंचीवर फुगत नाही, त्यामुळे डोळ्यात सोबत वायू नसल्याची खात्री करून डॉक्टरांच्या परवानगीने जाता येते. मात्र हे तेल आपोआप विरत नाही. ते बहुधा तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावे लागते. चांगले दिसत आहे म्हणून ही शस्त्रक्रिया लांबवू नका, कारण फार काळ राहिलेल्या तेलामुळे डोळ्याचा दाब वाढू शकतो.