कागद मऊ आहे तोवर झाडाच्या माणसाला बोलवा

तुम्ही विचारलंय की प्लॉटवर जुनं मोठं झाड आहे, ड्रॉइंग जवळजवळ पक्कं झालंय, तर फांद्या छाटायला वृक्षतज्ज्ञ पाया खोदण्याआधी बोलवावा की नंतर. खरं तर पहिली रेघ मारण्याआधीच बोलवायला हवा होता. पण खोदकाम सुरू झालेलं नाही, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.

मी स्वतः आर्किटेक्ट आहे आणि या बाबतीत हात पोळून घेतलेत. सुरुवातीच्या एका कामात मी नकाशावर झाड म्हणून फांद्यांच्या घेराएवढा हिरवा गोल काढला आणि भिंत त्याच्या बाहेर ठेवली. भिंतीमुळे काहीच बिघडलं नाही. सांडपाण्याची चर मात्र खोडापासून दोन मीटरवरून गेली, कारण प्लंबिंगच्या ड्रॉइंगवर झाडच नव्हतं! दोन वर्षं झाड हिरवंगार, मालक खूश. तिसऱ्या वर्षी शेंडा वाळायला लागला. तोवर ठेकेदार, प्लंबर, सगळे आपापल्या वाटेने गेलेले.

मुळं खोल जातात हा समज आपल्या डोक्यात पक्का बसलाय. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेर बरीच लांब पसरतात. त्यामुळे साधी पाइपची चरसुद्धा नेमकी तीच तोडते. झाडाभोवती किती जागा खोदायची नाही याच्या अंदाजासाठी ब्रिटिश मानक बीएस ५८३७ (२०१२) मधला हिशोब सोपा आहे: जमिनीपासून १.५ मीटरवर खोडाचा व्यास मोजा आणि त्याला १२ ने गुणा. टेपने घेर १९० सेंमी आला तर व्यास साधारण ६० सेंमी, म्हणजे ७.२ मीटर त्रिज्येचं वर्तुळ. एकाच खोडाच्या झाडासाठी हा हिशोब आहे, आणि एका बाजूला रस्ता किंवा जुना पाया असेल तर मुळं दुसरीकडे वळलेली असतात, तेव्हा वर्तुळाचा आकार बदलावा लागतो. तो कसा, हे ड्रॉइंगच्या टेबलावर बसून कळत नाही.

हे वर्तुळ फक्त आर्किटेक्टच्या नकाशावर असून भागत नाही. प्लंबिंग, वीज, स्ट्रक्चर, प्रत्येक शीटवर ते हवं. आणि पहिला ट्रक आत येण्याआधी साइटवर तिथे पक्कं कुंपण हवं. खडीचा ढीग आणि ट्रकची ये-जा यांनी माती दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही. वर फूटभर भराव टाकला तरी तेच. मिक्सर धुतलेलं पाणी तिथे ओतणं तर आणखी वाईट.

वर्तुळात बांधावंच लागलं तर आर्किटेक्ट आणि वृक्षतज्ज्ञ यांच्या एकत्र बसण्याचा खरा उपयोग होतो. वृक्षतज्ज्ञ हवेच्या दाबाने माती उडवून जाड मुळं उघडी करून दाखवतो, मग सलग पायाऐवजी मुळं चुकवून पाइल (जमिनीत खोल जाणारे खांब) घेता येतात आणि बीम जमिनीच्या वर ठेवता येतो. मी एका कामात असा एक पाइल जेमतेम ४० सेंमी सरकवला होता. स्ट्रक्चरल इंजिनिअरने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग हिशोब करून दिला.

झाड काढायचंच ठरलं तरी इंजिनिअरला आधी सांगा. फुगणाऱ्या चिकणमातीत मोठं झाड गेलं की ते शोषत असलेलं पाणी मातीतच राहतं आणि जमीन वर उचलली जाऊ शकते.

माणूस निवडताना एक बघा: झाडावर चढून छाटणी करणारा आणि झाडाची तपासणी करून लेखी अहवाल देणारा, हे नेहमी एकच नसतात. तुम्हाला आत्ता दुसरा हवाय. कापण्यावर ज्याची कमाई, त्यालाच कापावं का हे विचारणं मला जरा अवघड वाटतं. छाटणीवाल्याला मात्र एक प्रश्न जरूर टाका, 'सरसकट शेंडा उडवून द्याल का?' लगेच हो म्हणाला तर दुसरा शोधा. फांदी बुंध्याशी जिथे फुगीर असते त्या कड्याच्या बाहेर काप घ्यायचा असतो. झाड जखम भरून काढत नाही, फक्त आतून बंदिस्त करतं.

तुमच्या ड्रॉइंगमध्ये सांडपाण्याची लाइन कुठून जातेय ते आज बघा आणि इथे सांगा.